देवळाची वर्गणी आणि शाळेची पेटी

(विंचूर येथील देवालय जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाचे काम तडीस गेले. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या गोण्या उतरवल्या, कोणी ट्रॅक्टरच्या खेपा केल्या, आणि ज्यांच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. कळसाकडे बघताना प्रत्येकाला त्यातली आपली वीट दिसते, आणि ती दिसावी यात गैर काहीच नाही. याच गावाच्या, याच हातांच्या दुसऱ्या एका कामाविषयी आज बोलायचे आहे. गावच्या सरकारी शाळेसाठी गाव पैसा कसा उभा करते, तो कुठे जातो आणि कुठे जात नाही, हा तो विषय. देवळाच्या ओट्यावर शाळेचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण या दोहोंचे नाते जुने आहे.

पूर्वी कित्येक गावांत शाळेला स्वतःची इमारत नसे. ती देवळाच्या ओवरीत नाहीतर चावडीत भरे. पंतोजींना वर्षाचे धान्य गावातूनच मिळे. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी आली, साऱ्याच्या रुपयामागे एक आणा. १८६९ च्या कायद्याने ती कायम झाली. या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे आणि उरलेला रस्ते, विहिरी अशा कामांकडे जाई. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा सारा चोवीस रुपये, त्याच्याकडून चोवीस आणे पट्टी वसूल होई आणि त्यातले आठ आणे शाळेच्या वाट्याला येत. त्याचा मुलगा शाळेत जात असो की गुरांमागे, आठ आणे द्यावेच लागत. आणि बहुतेकांची मुले गुरांमागेच जात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, असे त्यांनी सांगितले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली.

ओवरीतल्या शाळेचा दुसरा दोषही येथेच सांगितला पाहिजे, तो टाळून चालणार नाही. शाळा देवळात भरत असेल आणि देवळाची पायरी काही मुलांना चढता येत नसेल, तर शाळेची पायरीही त्यांना बंद. कोठे ती मुले अंगणात उन्हात बसत, कोठे येतच नसत. नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० रोजी. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्याला, विंचूरहून ज्या रस्त्याने गाड्या रोज जातात त्याच रस्त्यावर. गावाचा पैसा गोळा करणे सोपे, पण तो गावातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचवणे अवघड, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागू नये.

आता वर्गणीतून शिक्षण उभे राहिल्याचे घरचेच उदाहरण घेऊ. १९१४ साली नाशिकला खेड्यांतल्या मुलांसाठी एक वसतिगृह निघाले. धारचे महाराज उदाजीराव पवार यांच्या नावाने ते उदाजी मराठा बोर्डिंग म्हणून ओळखले गेले, आणि मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था त्यातूनच वाढली. रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे अशा कर्मवीरांची नावे निफाड तालुक्यात घरोघर माहीत आहेत. १९२० च्या एप्रिलमध्ये राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले आणि बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. आज जिल्हाभर या संस्थेच्या शेकडो शाखा आहेत. पण आरंभ कशाने झाला ते लक्षात घ्यावे. आरंभ शाळेने झाला नाही. शाळा शहरात होतीच, सरकारीही होती. खेड्यातल्या पोराला तिथे राहायला जागा नव्हती आणि दोन वेळचे जेवण नव्हते. त्या मंडळींनी नेमके तेवढेच पुरवले. जी गोष्ट सरकार देत नाही आणि जिच्यावाचून सरकारने दिलेले वाया जाते, ती त्यांनी हेरली.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच काम आणखी गरिबीत केले. रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. मुलांच्या जेवणासाठी धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. ही गोष्ट भाषणांतून इतक्यांदा सांगितली जाते की तिच्यातला व्यवहार ऐकणाऱ्याच्या कानावरून जातो. मंगळसूत्र मोडावे लागले, कारण नेमाने येणारा पैसा नव्हता. मोठेपणा लक्ष्मीबाईंचा खराच. पण जे काम एखाद्या बाईच्या सौभाग्यलेण्यावर येऊन ठेपते, त्याची व्यवस्था गावाने आधी करायला हवी होती, असेही त्या गोष्टीवरून म्हणता येईल.

याच संस्थेच्या इतिहासात १९४८ चा प्रसंग आहे आणि आजच्या विषयाला तो फार जवळचा आहे. भाऊराव स्पष्ट बोलणारे. त्यांच्या टीकेवरून मुंबई सरकार नाराज झाले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. लोक धावून आले, वर्गण्या झाल्या, शाळा चालू राहिल्या. एवढ्यावर समाधान मानून ‘आम्हाला सरकारचा पैसा नको, लोक समर्थ आहेत’ असे म्हणता आले असते. टाळ्याही पडल्या असत्या. पण तसे झाले नाही. संत गाडगे महाराज मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले, त्यांनी रयतेसाठी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगे महाराजांची धर्मशाळा नाशिकला गोदाकाठी आहे. देवाला नवस करण्यापेक्षा मुलाला शाळेत घाला, असे ते खराटा हातात घेऊन जन्मभर सांगत राहिले, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वर्गणी कशी उभी करावी हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? त्यांनीच सरकारच्या दारात जाऊन शाळेचे अनुदान मागितले. वर्गणीवर वर्ष निघेल, पिढी निघणार नाही, हे ते जाणून होते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की गावाचा शिक्षणनिधी सरकारच्या खर्चाची जागा घेण्यासाठी नसतो. प्राथमिक शाळा १९२३ च्या कायद्यानंतर जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या, १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देते, पाठ्यपुस्तके फुकट मिळतात, दुपारची खिचडी मिळते. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर गावाने वर्गणी करून तात्पुरता शिक्षक नेमावा, असा उपाय पुष्कळ ठिकाणी होतो. तो एखाद्या सत्रापुरता ठीक आहे. तो कायमचा झाला की वरच्या कार्यालयातल्या कागदावर त्या गावाची गरज दिसेनाशी होते. गावाने एका हाताने मानधन द्यावे आणि दुसऱ्या हाताने ग्रामसभेचा ठराव पंचायत समितीकडे धाडत राहावे. ठराव थांबला तर मानधनाचा खर्च कायमचा गावाच्या गळ्यात पडलाच म्हणून समजावे.

मग गावासाठी उरते काय? उरते ते बारीकसारीक, आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांत न भरणारे. समग्र शिक्षा योजनेतून २०१८ पासून शाळेला पटावर ठरणारे संयुक्त अनुदान मिळते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त २५ हजार रुपये, १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. पंचवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजारांहून थोडे अधिक. त्यात खडू, कागद, फुटलेली फरशी, नळाची तोटी, वीजबिल, सगळे आले. गेल्या काही वर्षांत राज्यात किती जिल्हा परिषद शाळांची वीज बिल थकल्यामुळे तोडली गेली, हे वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आले आहे. दात्याने दिलेला संगणक आहे, भिंतीवर मोठा दूरदर्शन संच आहे, आणि वीज नाही. संडास बांधलेले आहेत, पण प्राथमिक शाळेला शिपाई नाही, तेव्हा ते धुवायचे कोणी? ज्या मुली मोठ्या झाल्या आहेत त्या अशा संडासात जात नाहीत, महिन्यातले काही दिवस घरी राहतात, आणि हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागते. झाडलोट करणाऱ्या बाईचा महिन्याचा मेहनताना ही काही कोनशिला बसवण्यासारखी देणगी नव्हे. शाळेची मुलगी टिकते की नाही ते मात्र पुष्कळदा त्यावर ठरते.

येथे नावाच्या पाटीबद्दल बोलणे आले. देवळात पाटी असते, तशी शाळेतही असावी, त्यात वावगे नाही. पण पाटी कशावर लावता येते याचा विचार करा. ती वर्गखोलीवर लागते, कमानीवर लागते, पाण्याच्या टाकीवर लागते. वीजबिलावर लागत नाही. म्हणून एकाच शाळेला दोन कमानी मिळतात आणि ग्रंथपेटीला वर्षानुवर्षे नवे पुस्तक मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळा दत्तक योजना काढली. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी एक कोटी रुपये मोलाच्या वस्तू वा सेवा देणाऱ्याला शाळेच्या नावाला जोडून आपल्या पसंतीचे नाव देता येईल, असे तिचे स्वरूप होते. तिच्यावर वादही पुष्कळ झाला. मोठी कारखानदार मंडळी २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजकार्यावर खर्च करतात, त्यांना हे जमेल. विंचूरजवळ औद्योगिक वसाहत आहे, द्राक्षांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडे रीतसर अर्ज जरूर करावा. मात्र ज्याची ऐपत वर्षाला पाचशे रुपये देण्याची आहे त्यालाही शाळा ‘माझी’ म्हणता आली पाहिजे. पन्नास लाखांच्या पाटीखाली त्याचे पाचशे झाकले जाऊ नयेत.

हा प्रश्न एकट्या विंचूरचा नाही, आणि एकट्या महाराष्ट्राचाही नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तो याच रूपात पुढे आला. तिथे सरकारी शाळांचा मोठा खर्च गावच्या घरपट्टीतून चालतो. कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मतदारांनी ही पट्टी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली, आणि शाळांचे हात आखडले. संगीताचे वर्ग, ग्रंथालये, खेळ यांच्यावर पहिली कात्री चालली. तेव्हा पालकांनी गावोगाव शिक्षण प्रतिष्ठाने काढली. घरटी वर्गणी, दुकानदारांच्या देणग्या, लिलाव अशी त्यांची कमाई. त्यांची एक पद्धत घेण्यासारखी आहे. शिक्षकाने एका कागदावर लिहून द्यायचे की अमुक प्रयोगासाठी, अमुक सहलीसाठी एवढी रक्कम हवी. समिती ते वाचते, लहान रक्कम मंजूर करते, आणि वर्षअखेर काय झाले ते शिक्षक सांगतो. वरून योजना येण्याची वाट बघावी लागत नाही, आणि ज्याला वर्गातले कळते तोच मागतो.

पण त्याच अनुभवातून एक खोडही उघडी पडली. श्रीमंत वस्तीतल्या शाळेचे पालक लाखो गोळा करीत, आणि शेजारच्या गरीब वस्तीतल्या शाळेचे पालक काहीच गोळा करू शकत नसत. सरकारी शाळा समान असाव्यात हा हेतू वर्गणीनेच मोडला. यावर पोर्टलंड शहरात अनेक वर्षे असा नियम होता की एखाद्या शाळेने पहिल्या दहा हजार डॉलरच्या वर जमवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा सर्व शाळांच्या सामाईक निधीत जावा. सांता मोनिका आणि मालिबू या जोडगावांच्या शाळा मंडळाने २०११ साली आणखी पुढे जाऊन ठरवले की जादा शिक्षकवर्गासाठीचा पैसा प्रत्येक शाळेने वेगळा गोळा करू नये, सगळ्या शाळांसाठी एकच निधी असावा. पुष्कळ पालक रागावले. आमच्या मुलांसाठी दिलेले पैसे दुसरीकडे का जावेत, हा त्यांचा सवाल.

हा सवाल विंचूरलाही ऐकू येईल, म्हणून त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवलेले बरे. मोठ्या गावात गावठाणातली शाळा आणि मळ्यांतली, वस्त्यांवरची शाळा यांत फरक पडतोच. गावठाणातली शाळा येता-जाता दिसते. पाहुणे तिथे येतात, स्वातंत्र्यदिनाचे ध्वजवंदन तिथे होते, माजी विद्यार्थी तिथले, म्हणून देणगी तिथे जाते. वस्तीवरच्या दोन शिक्षकांच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा नसतो. तिथे शेतमजुरांची मुले असतात, कांदा काढणीच्या हंगामात आईबापांबरोबर आलेली मुले असतात, त्यांच्या वतीने मागायला कोण येणार? देणगी दिसणाऱ्या जागी जाते, आणि गरज बहुतेक न दिसणाऱ्या जागी असते. म्हणून गावाची पेटी एकच असावी, शाळेशाळेची वेगळी नसावी. दात्याला एखाद्या शाळेचा विशेष लोभ असेल तर त्याने तसे पावतीवर लिहावे, पण अशा रकमेतलाही ठरावीक वाटा सामाईक पेटीत जावा. हे काहींना रुचणार नाही. देवळाला वर्गणी देताना मात्र कोणी असे म्हटले नव्हते की माझ्या पैशाची फरशी माझ्या आळीच्या बाजूला बसवा.

आता थोडे कायद्याचे आणि हिशेबाचे. देवस्थान हा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा न्यास असतो, आणि ज्या उद्देशाने पैसा घेतला त्याच उद्देशाने तो खर्च करावा लागतो. जीर्णोद्धाराच्या नावाने घेतलेली शिल्लक उद्या शाळेच्या खोलीला लावली तर हेतू चांगला असूनही ते नियमाबाहेर ठरू शकते. न्यासाच्या घटनेत शिक्षण हा उद्देश आहे की नाही ते आधी पाहावे. नसल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून रीतसर मार्ग घ्यावा, नाहीतर शाळेसाठी स्वतंत्र न्यास नोंदवावा. पावती पुस्तक वेगळे, बँकेचे खाते वेगळे, वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद करून तपासलेला. शिक्षणासाठीच्या नोंदणीकृत न्यासाला आयकर सवलतीची मान्यता मिळाली असेल तर नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असलेल्या विंचूरकरांना त्याचा उपयोग होतो. मात्र दोन हजारांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, तेव्हा बाहेरगावच्यांनी धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्यावे.

पैसा शाळेत जाताना मुख्याध्यापकांच्या हातात रोख देऊ नये. यात त्यांच्यावर अविश्वास नाही, उलट त्यांचे रक्षण आहे. राज्यात गावाच्या भरवशावर नावारूपाला आलेल्या शाळांवरही पैशांवरून किटाळ आल्याचे लोकांनी पाहिले आहे, आणि असे झाले की बोलणारे बोलून मोकळे होतात, शाळेची मात्र घडी विस्कटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. समितीने ठराव करावा, निधीने धनादेश काढावा, आणि खर्चाचा कागद शाळेच्या दाराशी लागावा. त्या निम्म्या स्त्रिया कागदावर असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभा दुपारी अकराला ठेवली की त्या शेतात असतात. सभा संध्याकाळी ठेवली तर संडासाचा आणि पाण्याचा विषय पहिल्याच बैठकीत निघेल.

राहिला प्रश्न आवक कोठून व्हावी याचा. विंचूरला लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. गावाचे हातातले पैसे कांद्याबरोबर चढतात आणि उतरतात. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव कसे कोसळले ते येथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. अशा वर्षी शेतकऱ्याने शाळेला काय द्यावे? म्हणून ठरावीक रकमेची सक्ती नको. हंगामात ज्याने त्याने आपल्या मर्जीने, विकलेल्या ट्रॅक्टरमागे जे सुचेल ते पेटीत घालावे. चांगल्या वर्षी आलेल्या रकमेतून एका वर्षाचा खर्च बाजूला काढून ठेव म्हणून ठेवावा आणि त्याला भाव पडल्याखेरीज हात लावू नये. १९१४ च्या पिढीने धान्य दिले, मंगळसूत्र दिले, कारण त्यांच्याजवळ ठेव नव्हती. आज बँक आहे, हिशेबनीस आहेत, आणि देवळाच्या कामात तयार झालेली वर्गणी गोळा करणारी मंडळी आहेत. घराघराची यादी त्यांच्या वहीत आहे, कोणाकडे कोणत्या महिन्यात जायचे हे त्यांना माहीत आहे. ती वही बंद करून कपाटात ठेवण्याआधी तिची एक नक्कल काढावी.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी गावठाणातल्या आणि वस्त्यांवरच्या प्रत्येक शाळेची थकलेली वीजबिले एका कागदावर उतरवून घ्यावीत. पेटीतले पहिले पैसे तिकडे जावेत. नंतर झाडलोटीचा मेहनताना, मग ग्रंथपेटी. कमानीची मागणी आली तर ती यादीत अवश्य लिहावी, शेवटी.